घोडेवाली एकनळी

सायखेडा,
१४ जुलै १९८३

सावळीराम,

आशीर्वाद देते, पण हात जरा आखडूनच. संक्रांतीपासून तुझं ना पत्र, ना पाऊल. थोरल्या बहिणीचं दार विसरलास तर विसरलास, पण कळवणात पोस्टाची पेटी तरी असेल ना? असो. भांडायला कागद घेतलेला नाही. काम आहे म्हणून लिहिते, आणि काम तुझ्याच खात्यातलं आहे.

मला बंदुकीचा परवाना मिळाला. हसू नकोस. पीक राखायचा परवाना आहे, रीतसर, माझ्या नावाचा. नदीकडच्या वावरात डुकरं शिरतात आणि भुईमूग असा उकरतात की नांगर फिरवल्यासारखं रान दिसतं. तलाठी येऊन बघून गेला, पोलीस पाटलाने सही दिली, मग फौजदार आले. मला वरून खाली न्याहाळून म्हणाले, बाई, बंदूक तुम्ही चालवणार? मी म्हटलं, तर काय तुम्ही येणार आहात रोज राखणीला? हसले बिचारे आणि लिहून घेतलं.

आता परवाना ट्रंकेत पडून आहे. मी आजवर गोफणीपलीकडे काही फिरवलं नाही. तू एवढी वर्षं पलटणीत होतास, आता बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन बसतोस. मला एवढंच सांग, पहिल्यांदाच घेणाऱ्या बाईने कुठली घ्यावी? एकनळी की दुनळी? आणि शिकवतं कोण? इथे ज्याला त्याला विचारलं तर जो तो शिकारीच्या बढाया मारतो. त्यातल्या निम्म्यांनी ससासुद्धा मारलेला नाही.

तुझे दाजी असते तर मी तुझ्या पाया पडायला आले नसते. ते नाहीत, तू आहेस. एक कार्ड टाक.

तुझी भाची वच्छी बरी आहे. तू विचारलं नाहीस म्हणून मीच सांगते.

तुझी अक्का,
चतुरा


सायखेडा,
१७ ऑगस्ट १९८३

सावळीराम,

सोबत राखी आहे. यंदा येणार नाहीस हे कळून चुकलंय, तेव्हा सुमनकडून बांधून घे. बायकोने राखी बांधायची रीत नाही, पण भावाने बहिणीला वाऱ्यावर सोडायची तरी कुठे आहे?

तुझं कार्ड आलं नाही म्हणून मी वच्छीला घेऊन नाशकाला गेले, मेन रोडजवळच्या बंदुकीच्या दुकानात. मला वाटलं होतं बंदुका भांड्यांसारख्या मांडलेल्या असतील, उचलायच्या, वाजवून बघायच्या. कसलं काय! जाळीच्या कपाटात साखळीला बांधलेल्या. दुकानदार परवाना वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून पुन्हा परवाना वाचायला लागला. मग त्याने एक दुनळी पुढे केली. चकचकीत, हलकी. म्हणाला, हिचे घोडे आत असतात बाई, वरून काही ओढावं लागत नाही, चाप दाबला की झालं, पटकन उडते. मग त्यानेच विचारलं, पटकन लागणार आहे का?

मी हो म्हणून बसले.

तो म्हणाला, डुकरासाठी एवढी घाई कशाला? आवाजानेच पळतात ती. वच्छी मागे उभी होती, तिने पदर नीट केला आणि दाराकडे तोंड फिरवलं. मी म्हटलं, भावाला विचारून येते. आणि काही न घेता परतले.

तुझ्यापासून काय लपवायचं? डुकरं खरी आहेत, सावळ्या. तलाठ्याला विचार हवं तर. पण माझी झोप डुकरांनी उडवलेली नाही. आपले जावई सहादूराव महिनाभर बंधाऱ्याच्या वाटेने मोटारसायकल घेऊन फिरतात. उतरत नाहीत, बोलत नाहीत, मळ्यासमोर आल्यावर गाडी हळू करतात. आवाज आला की वच्छी हातातलं टाकून आत जाते. आपला मोत्या परवा बांधावर मेलेला सापडला. मी वच्छीला सांगितलं, साप चावला. तिने मान हलवली, पण तिला पटलं नाही.

आता त्यांनी बांगडीवाल्याजवळ निरोप धाडलाय. दसऱ्याला सोनं घेऊन येतो आणि बायको घेऊन जातो.

मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. संक्रांतीला तिला मी घेऊन आले तेव्हा तू याच ओट्यावर बसून म्हणालास, स्टोव्ह चुकून भडकला असेल. त्याआधी जिन्यावरून ती चुकून पडली होती. त्याआधी दार चुकून बोटांवर बसलं होतं. संसारात असं चुकून होतं अक्का, लेकीचा संसार तू मोडू नकोस, असं म्हणून तू उठलास. सुमनचा चुलतभाऊ म्हणून हे स्थळ तू आणलंस, त्यामुळे तुझी जीभ जड होते, हेही मला समजतं. पण तिच्या हातावरचा डाग कोपरापर्यंत आहे. स्टोव्ह एवढा नेम धरून भडकत नाही.

बंदुकीचं काय ते कळव. बाकी तुला लिहायचं नसेल तर लिहू नकोस.

तुझी अक्का


सायखेडा,
३० ऑगस्ट १९८३

सावळीराम,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने वाड्यावस्त्यांवर वाचून झाल्यावर मला दिलं असणार, कारण येता येता म्हणाला, एकनळीच बरी आक्का.

मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालंय. "घोडेवाली एकनळी घे. घोडा अंगठ्याने मागे ओढल्याशिवाय ती उडत नाही, म्हणजे चुकून काही होत नाही. आधी शीक, मग घे. घरात उघडी आणि रिकामी ठेव, काडतुसं वेगळी. वच्छीला दसऱ्याला पाठवून दे." बस्स. ना अक्का, ना राखी मिळाली, ना वच्छी कशी आहे.

पहिल्या चार ओळींसाठी तुझी दृष्ट काढावीशी वाटली आणि शेवटच्या ओळीसाठी तुझे कान उपटावेसे वाटले. लहानपणी मी तुला कडेवर घेऊन नदी उतरायची रे. एवढ्या शहाण्या माणसाला एका काडतुसाची काळजी कळते आणि पोरीची कळत नाही?

कार्ड फाडणार होते. वच्छीने हातातून घेतलं आणि आरशामागे खोचून ठेवलं. मामाचं अक्षर आहे, राहू दे, म्हणाली. तुझ्यावर तिचा राग नाही. कुणावरच नाही, आणि मला भीती तीच वाटते. विहिरीवर पाण्याला गेली की उभीच राहते. मी हाक मारत राहते, उगाच, मीठ कुठे ठेवलंस, दळण झालं का. सावळ्या, घरात बंदूक आणावी की नाही याचा मी इतका घोर लावून घेतलाय तो सहादूरावांसाठी कमी आणि हिच्यासाठी जास्त आहे. हे कुणाला बोलले नाही. तू वाचून हे पत्र जाळ.

शिकायची सोय लागली. गंगापूर रोडच्या अंगाला एक मैदान आहे, तिथे रविवारी सकाळी पोलीस खात्यातले एक रिटायर कोंडाजी जमादार साध्या माणसांना बंदूक शिकवतात. फौजदारांनीच चिठ्ठी दिली. येत्या रविवारपासून जाते. वच्छीला घरी एकटी सोडवत नाही, तिलाही नेणार आहे. झाडाखाली बसेल.

तुझी अक्का


सायखेडा,
२० सप्टेंबर १९८३

सावळीराम,

खांदा काळानिळा पडलाय. लिहिताना कागद तिरका धरते.

वर्गात दोन बागायतदार, एक कॉलेजातलं पोरगं, एक पेढीवाला आणि मी. पहिल्या रविवारी जमादारांनी बंदूक उडवू दिलीच नाही. नुसती उघडायला आणि नळीतून आभाळ बघायला लावलं. कुणाच्या हातातून घेतली की उघडून बघ, देताना उघडून दे, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस, मग तो तुझा बाप का असेना. पेढीवाला वैतागून म्हणाला, अहो, आत्ताच तर बघितली. जमादार म्हणाले, शेटजी, पुन्हा बघा. आणि ज्याला मारायचं नाही त्याच्याकडे नळी फिरवायची नाही, मग ती रिकामी का असेना. कॉलेजातल्या पोराने गमतीने सोबत आलेल्या मित्राकडे रोखली, तर त्याला घरी पाठवून दिलं. परत घेतलं नाही.

दुसऱ्या खेपेला उडवली. दस्ता खांद्याला दाबून धरला नाही, म्हणून बसली अशी की डोळ्यांपुढे काजवे. निशाणाचा कागद तसाच कोरा. मला वाटलं, आता ही बाई काय शिकणार असं म्हणतील. जमादार म्हणाले, घाबरता ते बरंय, घाबरत नाही तो माणूस मला नको असतो. मग माझ्या जिवात जीव आला. परवा कागदाला भोकं पडली, अगदी मधोमध नाही, पण पडली.

मी घोडेवालीच शिकतेय. अंगठ्याने तो घोडा ओढायला जोर लागतो बरं का. मला वाटायचं नुसतं बोट लावलं की झालं. तसं नाही, मनाशी ठरवावं लागतं.

वच्छी झाडाखाली बसून असते. जमिनीवर काडीने रेघा ओढते. मी विचारलं, कंटाळतेस का? तर नाही म्हणाली. बंदुकीकडे बघते की नाही ते मला सांगता येत नाही. बघत नसावी.

मोटारसायकल चालूच आहे.

तुझी अक्का


सायखेडा,
७ ऑक्टोबर १९८३

सावळीराम,

बंदूक घरी आली. घोडेवाली एकनळी, तू म्हणालास तीच, नवी नाही पण जमादारांनी स्वतः दुकानात येऊन तपासून दिली. उघडी आणि रिकामी ठेवते. काडतुसं माझ्या कमरेच्या पिशवीत, तपकिरीच्या डबीशेजारी. आंघोळीलासुद्धा पिशवी खुंटीवर टांगते तर नजर तिच्यावर. बंदूक आली म्हणजे भीती कमी होईल असं वाटलं होतं. आता दोन भीत्या सांभाळते.

आमच्या थोरल्या जाऊबाईंना तू ओळखतोसच. बयाबाईंनी बंदूक बघून आधी कडाकडा बोटं मोडली आणि मग खंडेनवमीचा विषय काढला. आमच्यात नवमीला घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडतात, विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ. हळदकुंकू, झेंडूच्या माळा. दसऱ्याचा सूर्य मावळेपर्यंत कुणी त्यांना हात लावायचा नाही. आता यंदा बंदूकही पाटावर येणार. पण जाऊबाई म्हणतात, अशी उघडी, रिकामी पुजायची नाही. "रिकाम्या हत्याराला हळदकुंकू? रिकामी ओटी कुणी देतं का चतुरे? अपशकुन करतेस, आणि तोही लेक परत आली त्या वर्षात!"

मी म्हटलं, जमादार म्हणतात भरून ठेवायची नाही. तर म्हणाल्या, जमादाराच्या घरी लेक परत आलीये का?

तूच सांग, पलटणीत दसऱ्याला शस्त्रं पुजता ना तुम्ही? भरून पुजता की रिकामी? माझं मन दोन्हीकडे ओढतंय. सहादूराव दसऱ्यालाच येणार, देवाचा कोप कशाला ओढवून घ्या, असंही वाटतं. उलट टपाली कळव. हे तरी कळव.

आणि ऐकते ते खरं का? दिवाळीआधी सहादूराव पंचांची बैठक बसवणार आहेत आणि तू त्यांच्या बाजूने बसणार, पोरीला नांदायला धाडा असं सांगायला? मी कुणाचं ऐकून रागवायची नाही. तुझ्या तोंडून आलं की रागवीन.

तुझी अक्का


सायखेडा,
१८ ऑक्टोबर १९८३

सावळीराम,

तुझं उत्तर आलं नाही. आता नको.

जे झालं ते झालं तसं लिहिते. सहादूराव तुझ्याकडेच आले असणार, पोलीस मागावर असताना त्यांना दुसरं जायला घर नाही. तू हे वाचत असशील तेव्हा सुमन कदाचित त्यांना वाढत असेल.

नवमीला मी जाऊबाईंचं ऐकलं. बंदुकीत काडतूस घातलं, बंद केली, घोडा खाली, आणि पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. मी घातलं, माझ्या हाताने. जमादारांचं शिकवणं, तुझं कार्ड, सगळं बाजूला ठेवलं, कारण मला वाटलं एवढं केलं तर पोरीचं संकट टळेल. दसऱ्याच्या दुपारी जाऊबाई आणि मी नैवेद्य घेऊन मारुतीला गेलो. वच्छी घरी होती. घरी एकटी, आणि पाटावर भरलेली बंदूक. हे मला रस्त्यात आठवलं आणि जाऊबाईंना तिथेच सोडून मी पळत आले. वच्छी चुलीपुढे बसून पुरण वाटत होती. मी देवाचे आभार मानले आणि काही बोलले नाही. बंदूक पाटावर तशीच होती, बंद. दिवस मावळायच्या आत हात लावायचा नाही म्हणून मी लावला नाही.

दिवस कलताना ते आले. पांढरं धोतर, हातात आपट्याची पानं. दसऱ्याला सोनं घेऊन आलेल्या माणसाला दार कसं लावायचं? मी या म्हटलं, पाट दिला. पाया पडून म्हणाले, "सोनं घ्या मामी, सोन्यासारखं राहा." मी घेतलं. मग वच्छीपुढे हात केला. तिने हात पुढे केला नाही.

गाठोडं बांध, म्हणाले. गोड आवाजात.

वच्छी म्हणाली, "मी नाय येनार." वर्षभरात तिच्या तोंडून एवढं स्पष्ट मी ऐकलं नव्हतं.

ते हसले. इकडे तिकडे बघितलं आणि पाटावरची बंदूक उचलली. झेंडूची माळ नळीला तशीच. मी ओरडले, "सहादूराव, भरलेली हाय ती! ठेवा खाली!" जाऊबाई दारात होत्या, त्यांनीही ऐकलं. गड्यांनी गोठ्यात ऐकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे ऐकू आलं. मग त्यांनी अंगठ्याने घोडा मागे ओढला, वच्छीकडे नळी केली आणि चाप दाबला.

नुसता टक् असा आवाज झाला.

मी खाली बसले होते. वच्छी उभीच होती, भिंतीला टेकून. त्यांनी बंदुकीकडे बघितलं, मग जाऊबाईंनी नैवेद्याचं ताट फेकून मारलं आणि ते बंदूक टाकून पळाले. मोटारसायकल दोन वेळा लाथ मारूनही चालू होईना. तिसऱ्यांदा झाली.

मग वच्छीने पदराची गाठ सोडली. आत काडतूस होतं, हळदीने पिवळं झालेलं. "तुम्ही मारुतीला गेलात तेवा काढलं," म्हणाली. "मामानं लिहिलंय ना, रिकामी ठेव." झाडाखाली बसून ती सगळं शिकली होती सावळ्या, मला वाटत होतं रेघा ओढते. मी तिला भरलेल्या बंदुकीजवळ सोडून गेले आणि विहिरीच्या काठावरच्या ज्या भीतीने मी वाळत होते, त्या भीतीची तिने अशी गाठ मारून ठेवली होती. मी तिला धरून रडले. ती रडली नाही. मला पाणी दिलं.

बंदूक पोलिसांनी नेली. फौजदारांनी माझा, जाऊबाईंचा आणि गड्यांचा जबाब घेतला. मी काडतूस घातलं होतं हेही सांगितलं. परवाना जाईल तर जाऊ दे. जमादारांपुढे तोंड दाखवायची मात्र मला लाज वाटते. वच्छी म्हणते, रविवारी आपण जाऊ, मीच सांगते त्यांना.

आता तुझ्यासमोर बसून ते काय सांगतील ते मी इथून सांगते. पहिल्यांदा म्हणतील, गंमत केली, रिकामी आहे हे मला ठाऊक होतं. त्यांना विचार, घरच्या मालकिणीला ठाऊक नव्हतं, ती गळा फाडून भरलेली आहे सांगत होती, तर तुला कुणी सांगितलं? ती रिकामी आहे हे त्या घरात एकट्या वच्छीला माहीत होतं.

मग ते मान खाली घालून म्हणतील, रागात होतो दाजी, चुकून झालं. आणि सुमन तुझ्याकडे बघेल. तेव्हा तू स्टोव्ह आठव, जिना आठव, दार आठव. आणि तू स्वतःच्या हाताने मला काय लिहिलं होतंस ते आठव. घोडा अंगठ्याने ओढावा लागतो. या बंदुकीत चुकून काही होत नाही.

कार्ड तुला परत पाठवणार होते, पण वच्छी देत नाही. आरशामागेच आहे. बैठकीला येशील तेव्हा बघ, आणि मग कुठल्या बाजूला बसायचं ते तुझं तू ठरव.

तुझी अक्का,
चतुरा